हलक्या घोडागाड्या

एक किंवा दोन घोड्यांनी ओढावयाच्या आणि दोन ते चार माणसांच्या प्रवासासाठी बांधलेल्या दुचाकी वा चारचाकी गाड्या. टपालाच्या व मालवाहतुकीच्या अवजड गाड्या यांत मोडत नाहीत. आऱ्यांच्या चाकांचे सर्वांत जुने पुरावे सामान्यतः उरल पर्वताच्या पूर्वेकडील सिंताश्ता संस्कृतीच्या दफनांतील (इ. स. पू. सुमारे २०००) मानले जातात, परंतु ती चाके रथांची होती. प्रवासी वाहन म्हणून रोमनांच्या सिसियम या दुचाकी गाडीपासून आरंभ करणे अधिक युक्त होय.

साटा (गाडीचा बसण्याचा भाग) पट्ट्यांनी चौकटीला टांगण्याची पद्धत कोठे निघाली, याविषयी मतभेद आहेत. हंगेरीतील कोच या गावी पंधराव्या शतकात बांधल्या जाणाऱ्या गाड्यांना हे श्रेय परंपरेने दिले जाते. तथापि सोळाव्या शतकातील चित्रणात तेथील गाडी हलक्या साट्याची दिसत असली, तरी टांगणीचे पट्टे स्पष्ट दिसत नाहीत. शिवाय रोमनकालीन गाड्यांचे सापडलेले ब्राँझचे काही भाग टांगणीचेच असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे कोचच्या कारागिरांकडे हलकेपणाचे श्रेय जावे, टांगणीचे नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पोलादी स्प्रिंगांचे प्रयोग लंडनमध्ये १६६५ च्या सुमारास चालू होते, हे सॅम्युएल पीप्स यांच्या रोजनिशीवरून कळते. निर्णायक सुधारणा मात्र ओबडाया इलियट यांच्या १८०४ च्या एकस्वाने (पेटंटने) झाली. पातळ पोलादी पट्ट्यांच्या जुड्यांपासून केलेल्या दोन कमानी समोरासमोर जोडून त्यांनी त्या थेट कण्यावर (चाकांच्या आसावर) बसविल्या. त्यामुळे पुढचा व मागचा कणा सांधणारा जड लांब दांडा गाळता आला आणि साटाही खाली आला.

फेटन, गिग, टिल्बरी, स्टॅनहोप इ. प्रकारांतील भेद पुष्कळदा फॅशनपुरतेच होते. दुचाकी गाडीत खरा प्रश्न तोलाचा असतो : भार कण्याच्या पुढे गेला, तर दांड्यांवाटे तो घोड्याच्या पाठीवर पडतो. जोसेफ हॅन्सम यांनी १८३४ मध्ये एकस्व घेतलेल्या भाड्याच्या दुचाकी गाडीत जॉन चॅपमन यांनी १८३६ मध्ये फेरबदल केले, त्यांत हाकणाऱ्याची बैठक मागे उंचावर गेली. लगाम छतावरून जात आणि भाडे छतातील झडपेतून दिले जाई. चारचाकी बंद गाड्यांत १८३८ ची ब्रूम प्रसिद्ध आहे.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बग्गी कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. मिशिगनमधील फ्लिंट येथे हा धंदा करणाऱ्या विल्यम ड्युरंट यांनीच १९०८ मध्ये जनरल मोटर्सची स्थापना केली.