चार आठवडे औषध, दोन आठवडे सुट्टी: सुनिटिनिबच्या दुष्परिणामांची पार्श्वभूमी

शरीरात पसरलेल्या किडनीच्या कर्करोगावर नेहमीची केमोथेरपी कधीच फारशी चालली नाही. २००५पर्यंत डॉक्टरांच्या हाती इंटरफेरॉन आणि इंटरल्यूकिन-२ ही रोगप्रतिकारशक्ती चेतवणारी औषधे एवढेच होते. इंटरल्यूकिन-२ला १९९२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पण मोठ्या मात्रेत ते दिले की केशवाहिन्यांमधून द्रव पाझरायचा आणि रक्तदाब कोसळायचा, त्यामुळे रुग्णाला अतिदक्षता विभागासारख्या देखरेखीत ठेवावे लागे.

नवी वाट १९९३मध्ये सापडलेल्या व्हीएचएल जनुकाने दाखवली. किडनीच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगात हे जनुक बहुधा निकामी झालेले असते. मग पेशी ऑक्सिजन कमी पडल्यासारख्या वागतात आणि नव्या रक्तवाहिन्या मागवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन भरमसाट सोडतात. सुनिटिनिब हे तोंडाने घ्यायचे औषध हा संदेश पेशीच्या आत अडवते. जानेवारी २००६मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ७५० रुग्णांच्या चाचणीत आजार न वाढता गेलेला मध्यक काळ (निम्म्या रुग्णांचा आजार वाढेपर्यंतचा) इंटरफेरॉनवर ५ महिने, तर सुनिटिनिबवर ११ महिने भरला.

मात्र व्हीईजीएफ निरोगी शरीरालाही लागते, आणि बहुतेक त्रासांचे मूळ इथेच आहे. ते अडले की रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड कमी होते आणि रक्तदाब चढतो, कधी कधी पहिल्याच आठवड्यात. किडनीच्या गाळणीतून प्रथिने लघवीत उतरतात. जखमा भरायला वेळ लागतो, म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान ३ आठवडे आधी औषध थांबवतात. थायरॉइडचे काम मंदावते, हे २००६मध्येच लक्षात आले. याकडे विशेष लक्ष हवे, कारण त्यातून येणारा थकवा सहज कर्करोगाच्या खात्यावर जमा होतो. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासून थायरॉक्सिन हे थायरॉइडचे संप्रेरक सुरू केले, तर त्यातला बराच भाग हटतो.

रंगाची गोष्ट वेगळी. औषध मुळात पिवळे असल्याने त्वचेवर पिवळसर झाक येते, ती कावीळ नव्हे. (डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला, लघवी गडद झाली, तर मात्र यकृताची तपासणी लगेच करावी. यकृत निकामी होण्याचा ठळक इशारा २०१०मध्ये माहितीपत्रकात आला.) केसांना रंग देणाऱ्या पेशींना लागणारे किट हे प्रथिनही औषधाने अडते. म्हणून औषधाच्या काळात वाढलेला केस पांढरा आणि सुट्टीतला पुन्हा काळा, असे पट्टे एकाच केसावर दिसू शकतात.

या सुट्टीचे कारण प्राण्यांवरील चाचण्यांत आहे. तिथे अस्थिमज्जा आणि किडनीवरच्या अधिवृक्क ग्रंथींवर परिणाम दिसल्याने रोज ५० मिलिग्रॅम ४ आठवडे आणि मग २ आठवडे विश्रांती असा क्रम बसवला गेला. पण औषधाचा अर्धायुकाल (रक्तातली पातळी निम्मी होण्याचा वेळ) ४० ते ६० तास आणि शरीरात त्यापासून बनणाऱ्या सक्रिय घटकाचा ८० ते ११० तास, म्हणून ते साचत जाते. १० ते १४ दिवसांत रक्तातली पातळी कमाल टप्प्यावर पोहोचते, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तळव्यांची आग, तोंडातले फोड, जुलाब आणि प्लेटलेट्सची घट एकदम अंगावर येते. यातून २ आठवडे औषध, १ आठवडा सुट्टी ही पद्धत रूढ होत गेली. सहा आठवड्यांतली एकूण मात्रा तेवढीच राहते, मात्र त्रास शिगेला पोहोचण्याआधीच विश्रांती मिळते. आमच्या मते मात्रा उतरवण्याआधी हा बदल करून पाहावा. तरीही सोसले नाही, तर मात्रा १२.५ मिलिग्रॅमच्या टप्प्याने खाली आणतात.

रक्तदाब वाढलेल्या रुग्णांना या औषधाचा फायदा जास्त झाल्याचे २०११च्या विश्लेषणात दिसले. म्हणून रक्तदाब चढताच औषध बंद करण्याची घाई करत नाहीत, आधी रक्तदाबाची गोळी सुरू करतात. तो फारच चढला, तर आटोक्यात येईपर्यंत सुनिटिनिब थांबवतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, किटोकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध किंवा ग्रेपफ्रूटचा रस यांनी सुनिटिनिबची पातळी वाढते, क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने घटते. त्यामुळे दुसऱ्या आजारासाठी कोणतेही औषध घेताना सुनिटिनिब चालू असल्याचे आधी सांगावे.