संथा : कानाने शिकायची विद्या

मुलांना रामरक्षा शिकवायची म्हटलं की हल्ली आधी पुस्तक हातात दिलं जातं. परंपरेचा क्रम याच्या उलट आहे. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात अधम पाठकांचे सहा प्रकार दिलेत: गात सुटणारा, घाई करणारा, डोकं हलवणारा, अर्थ न जाणणारा, दबक्या आवाजाचा आणि त्यांच्याच पंगतीत ‘लिखितपाठक’, म्हणजे लिहिलेलं बघून म्हणणारा.

वेद पिढ्यान्‌पिढ्या कानानेच पुढे गेले. गुरुजींनी तुकडा एकदा म्हणायचा, शिष्यांनी दोनदा; ही संथा. शब्द गळू नये, जागा बदलू नये म्हणून वर पदपाठ, क्रम, जटा, घन असे पहारे बसवले, म्हणजे शब्द सुटे करून किंवा ठरावीक क्रमाने जोडून म्हणायच्या पद्धती. गायत्री मंत्राचे पहिले दोन शब्द जटेत ‘तत्सवितुः सवितुस्तत् तत्सवितुः’ असे सरळ, उलट, पुन्हा सरळ येतात. घनपाठात तिसरा शब्दही या फेऱ्यांत गुंफला जातो. एवढी राखण झाली म्हणूनच हा पाठ टिकला. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिलं.

वेदपठणाला मुंजीची अट होती, त्यामुळे मुली आणि बहुसंख्य समाज बाहेरच राहिला. घराघरांत मुलांच्या तोंडी रुजली ती स्तोत्रं. समर्थ रामदासांनी (१६०८–१६८१) मनाचे २०५ श्लोक तर थेट मराठीत, भुजंगप्रयात वृत्तात रचले. दर चरणाला बारा अक्षरं, त्यामुळे ठेका आपोआप बसतो.

रामरक्षेतले बहुतेक श्लोक अनुष्टुभ छंदात आहेत, म्हणजे चरणाला आठ अक्षरं. मुलं अडखळतात ती मराठी बोलण्याच्या सवयीने. ‘भालं दशरथात्मजः’ म्हणताना आपण बोलतो तसं ‘दश्‌रथात्मज’ होतं: ‘श’मधला अ गेला, आठाची सात अक्षरं झाली. शेवटचा विसर्गही गळतो. बोटांवर मोजून घ्या: भा-लं-द-श-र-था-त्म-जः. चूक मुलाला स्वतःलाच सापडते, आणि अशी सापडलेली चूक सहसा परत होत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला एकच चरण पुरे. मोठ्या माणसाने एकदा म्हणायचं, मुलाने दोनदा, मग कालच्या चरणाला जोडून एकदा. एखादं अक्षर चुकीचं बसलं तर पूर्ण श्लोक पुन्हा म्हणवू नका, तेवढाच शब्द सुटा करून घ्या. सगळं तोंडात बसलं की मग पुस्तक उघडावं.