रासायनिक नामकरण

रासायनिक नामकरण : मूलद्रव्ये व त्यांची संयुगे यांना नावे देण्याची नियमबद्ध पद्धती. पदार्थांची घटना (त्यांतील घटक व त्यांचे प्रमाण), संरचना, गुणधर्म व त्यांच्यात होणारी स्थित्यंतरे हा रसायनशास्त्राचा विषय. त्याच्या शाखांमधील सीमारेषा आता बऱ्याच पुसट झाल्या आहेत. नामकरणात मात्र अकार्बनी व कार्बनी हा जुना भेद टिकून आहे. अकार्बनी नावातून मुख्यतः घटकांचे प्रमाण व विद्युत् भार कळावा लागतो, तर कार्बनी नावातून रेणूचा सांगाडा.

अठराव्या शतकापर्यंत नावे रंग, चव, उगमस्थान किंवा शोधकर्ता यांवरून पडत. मोरचूद, हिराकस, ग्लॉबर लवण, अँटिमनीचे लोणी ही त्यांतली काही. एकाच पदार्थाची अनेक नावे प्रचलित असत आणि नावावरून घटना कळण्याचा प्रश्नच नव्हता. सुधारणेचे श्रेय सामान्यतः फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉयझर यांना दिले जाते. तथापि त्यांचेच देशबांधव गीताँ द मॉर्व्हो यांनी १७८२ मध्येच स्वतंत्र निबंधात या पद्धतीची तत्त्वे मांडली होती, आणि त्यांच्याही आधी स्वीडनमध्ये बेरीमान यांनी लवणांना द्विपदी लॅटिन नावे देण्याचा प्रयत्न केला होता. हा प्रयत्न लिनीअस यांच्या वनस्पतिनामांच्या धर्तीवर झाला असावा, असे मानतात. मूळ कल्पना गीताँ यांची व तिला नव्या रसायनशास्त्राची बैठक लव्हॉयझर यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या दोघांनी बेर्तॉले व फूरक्र्वा यांच्यासह १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून ऑक्साइड, सल्फेट, सल्फाइट ही आजची नावे रूढ झाली.

या पद्धतीत एक दोष जन्मतःच होता, तो म्हणजे नावातच सिद्धांत गोवलेला असणे. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, या समजुतीवरून त्या वायूला आम्लजनक अशा अर्थाचे नाव मिळाले, आणि क्लोरीन हे म्युरिअ‍ॅटिक (म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक) आम्लाचे ऑक्सिजनयुक्त रूप ठरले. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्ही यांनी १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखविले. त्यानंतर क्लोरीनचे नाव बदलले, ऑक्सिजनचे राहिले.

अकार्बनी संयुगे : द्विघटकी संयुगात अधिक विद्युत् धन घटक आधी येतो व दुसऱ्याला ‘आइड’ प्रत्यय लागतो. एकाच धातूच्या निरनिराळ्या ऑक्सिडीकरण अवस्था (संयुगातील अणूवर मानलेला विद्युत् भार) पूर्वी ‘अस’ व ‘इक’ या प्रत्ययांनी दाखवीत, उदा., फेरस व फेरिक क्लोराइड. या प्रत्ययांवरून अवस्थेचा अंक कळत नाही. फेरिक म्हणजे तीन, पण क्युप्रिक म्हणजे दोन. म्हणून जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्टोक यांनी १९१९ च्या सुमारास धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहिण्याची पद्धत सुचविली. तीच आता प्रमाण आहे.

कार्बनी संयुगे : समघटकांची (घटना तीच पण संरचना वेगळी असलेल्या संयुगांची) संख्या वाढत गेल्यावर घटनादर्शक नावे अपुरी पडली. १८९२ च्या जिनीव्हा परिषदेत सर्वांत लांब कार्बन शृंखला हा नावाचा पाया ठरला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९३० मध्ये लिएज येथे नियमांची फेरमांडणी केली व पुढे ते काम चालू ठेवले. मुख्य क्रियाशील गट (संयुगाचे रासायनिक गुणधर्म ठरविणारा अणुगट) प्रत्ययाने, शृंखलेवरील इतर गट उपसर्गांनी आणि त्यांची स्थाने अंकांनी दाखवितात. उदा., ३-मिथिलब्यूटेन-१-ऑल या नावात चार कार्बनांची शृंखला, तिच्या टोकाशी हायड्रॉक्सिल गट व तिसऱ्या कार्बनावर मिथिल गट, एवढे सारे येते. क्रमांकन हायड्रॉक्सिल गटाच्या बाजूने सुरू होते.

पायाभूत शृंखला कोणती, याविषयीचा नियम मात्र बदलत आला आहे. पूर्वी द्विबंध असलेल्या शृंखलेला अग्रक्रम होता. २०१३ च्या शिफारशींनुसार लांबी आधी पाहतात. त्यामुळे पूर्वीचे २-एथिलपेंट-१-ईन आता ३-मिथिलिडीनहेक्झेन झाले आहे. रेणूत काडीइतकाही फरक पडलेला नाही. याच शिफारशींनी अ‍ॅसिटिक आम्ल, टोल्यूइन, अ‍ॅनिलीन ही रूढ नावे पसंतीची म्हणून कायम केली. इथॅनॉइक आम्ल हेच तेवढे शास्त्रशुद्ध, हा पाठ्यपुस्तकी आग्रह त्यामुळे अनाठायी ठरतो.

रेणूतील अणूंची त्रिमितीय मांडणी दाखविण्यासाठी कान, इनगोल्ड व प्रेलॉग यांचे अग्रक्रम नियम वापरतात. मध्यवर्ती अणूला जोडलेल्या अणूंपैकी अधिक अणुक्रमांकाचा अणू वरिष्ठ मानणे, हे त्यांचे पहिले सूत्र.

नवी मूलद्रव्ये : १०४ ते १०९ अणुक्रमांकांच्या मूलद्रव्यांच्या नावांवरून दीर्घकाळ वाद चालला व तो १९९७ मध्ये मिटला. हयात व्यक्तीचे नाव नको, हा १९९४ चा प्रस्ताव मागे पडून सीबॉर्गियम हे नाव अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ सीबॉर्ग हयात असतानाच मान्य झाले.

बहुवारिके (पॉलिमर) व जैव रेणू यांच्यासाठी वेगळे संकेत आहेत. गुंतागुंतीच्या रेणूंची नियमबद्ध नावे व्यवहारात अवजड होतात, म्हणून औषधांना स्वतंत्र अव्यवसायी (कोणत्याही कंपनीच्या मालकीची नसलेली) नावे देतात आणि सूचींमध्ये नोंदणी क्रमांकांवर भिस्त ठेवतात. यांपैकी सीएएस (केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस या संस्थेच्या) क्रमांकातून संरचनेविषयी काहीच कळत नाही. त्याचा शेवटचा अंक फक्त पडताळणीसाठी असतो. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५ आहे. शेवटचा अंक वगळून उरलेल्या अंकांना उजवीकडून अनुक्रमे १, २, ३, ४, ५, ६ यांनी गुणल्यास बेरीज १०५ येते. तिचा एकंस्थानचा ५ हाच पडताळा अंक होय.