कंटेनरच्या आत खरोखर काय चालतं?

डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवायचं साधन, शिकायला घेतलं की बरेचजण कंटेनरला छोटं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) समजतात. ही समजूत आधी काढून टाकावी, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी तिच्यातूनच निघतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये स्वतंत्र कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बूट होतं. कंटेनरमध्ये काहीच बूट होत नाही. तिथे असते ती तुमच्याच लिनक्सवर चालणारी साधी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम. तिला काय दिसावं आणि किती मिळावं, एवढंच कर्नलने आखून दिलेलं असतं.

खात्री करून घ्या. लिनक्सवर ‘डॉकर रन -डी अल्पाइन स्लीप 300’ (अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये 300 सेकंद नुसती थांबणारी प्रोसेस) चालवा आणि बाहेरूनच ‘पीएस’ने प्रोसेसची यादी काढा. ती स्लीप तिथे दिसेल, समजा 48213 क्रमांकाने. मग ‘डॉकर एक्झेक’ने कंटेनरच्या आत ‘पीएस’ चालवा. आता तिचाच क्रमांक 1. (मॅक आणि विंडोजवर डॉकर डेस्कटॉप सगळं एका लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवतं, त्यामुळे तिथे ती बाहेरच्या यादीत सापडणार नाही.)

दोन क्रमांक दिसतात ते नेमस्पेसमुळे, म्हणजे प्रोसेसला काय दिसावं हे ठरवणाऱ्या कर्नलच्या सोयीमुळे. प्रोसेसची यादी, नेटवर्क, फाइलसिस्टिम या प्रत्येकासाठी वेगळी नेमस्पेस असते. मेमरी आणि सीपीयू किती वापरायचा, ते सीग्रुप ही कर्नलची दुसरी सोय ठरवते. सीग्रुपवर गूगलमध्ये 2006 साली काम सुरू झालं आणि 2008 मध्ये ते लिनक्स 2.6.24 सोबत कर्नलमध्ये आले. डॉकर 2013 मध्ये आलं. यंत्रणा आधीपासून होती, डॉकरने ती चार शब्दांच्या कमांडमध्ये आणली.

प्रोसेस क्रमांक 1 ही नीट समजून घेण्याची गोष्ट आहे. ती संपली की कंटेनर संपला, म्हणून सर्व्हर बॅकग्राउंडला टाकणारी स्क्रिप्ट दिली तर क्रमांक 1 असलेली ती स्क्रिप्ट संपते आणि कंटेनर लगेच बंद पडतो. सर्व्हर फोरग्राउंडलाच चालवायचा. शिवाय नेमस्पेसमधल्या क्रमांक 1 ला ‘सिगटर्म’ (थांबायला सांगणारा सिग्नल) आला आणि तिने तो हाताळायची सोय केलेली नसेल, तर कर्नल तो सोडून देतं. वरच्या स्लीपवर ‘डॉकर स्टॉप’ चालवून पाहा. 10 सेकंद काहीच होणार नाही, मग ‘सिगकिल’ (सक्तीने बंद करणारा सिग्नल, क्रमांक 9) येईल आणि एक्झिट कोड 137 मिळेल, म्हणजे 128 अधिक 9. सुरू करतानाच ‘--इनिट’ दिलं तर क्रमांक 1 वर एक छोटी प्रोसेस बसते, सिग्नल पुढे पोचवते आणि कंटेनर तत्काळ थांबतो.

137 मेमरी संपल्यावरही येतो. ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएम किल्ड’पुढे ‘ट्रू’ असेल तर कारण तेच. डॉकर आपणहून मेमरीवर मर्यादा घालत नाही, ‘-एम 256एम’ असं सांगावं लागतं.

‘-पी 8080:80’ दिलं, तरी ब्राउझरमध्ये पान उघडत नाही? डावीकडचा पोर्ट बाहेरचा, उजवीकडचा आतला, हे आधी तपासा. ते बरोबर असेल तर अ‍ॅप बहुधा 127.0.0.1 वर ऐकत असतं. नेटवर्क नेमस्पेस वेगळी असल्याने तो पत्ता कंटेनरच्या आतल्यापुरताच असतो. अ‍ॅपला 0.0.0.0 वर ऐकायला सांगा.

इमेज, म्हणजे ज्यावरून कंटेनर सुरू होतो तो फाइलींचा साचा, थरांची बनलेली असते. इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या डॉकरफाइलमधल्या एका ओळीतलं काही बदललं की तिथून पुढचे सगळे थर पुन्हा बांधले जातात. म्हणून पायथन प्रकल्पात आधी फक्त पॅकेजेसची यादी असलेली ‘रिक्वायरमेंट्स’ फाइल कॉपी करा, मग ती पॅकेजेस उतरवणारं ‘पिप इन्स्टॉल’, आणि कोड शेवटी. क्रम उलटा ठेवला तर कोडमधला एक स्वल्पविराम बदलल्यावरही सगळी पॅकेजेस पुन्हा उतरतात. वरच्या ओळीत कॉपी केलेली पासवर्डची फाइल खालच्या ओळीत ‘आरएम’ने काढली तरी ती आधीच्या थरात तशीच राहते, आणि इमेज हाती आलेला कोणीही ती वाचू शकतो.

कंटेनर चालताना लिहिलेला डेटा सगळ्यात वरच्या, तात्पुरत्या थरात जातो. ‘डॉकर स्टॉप’ने तो जात नाही, ‘डॉकर आरएम’ने मात्र कायमचा जातो. डेटाबेससाठी पहिल्या दिवसापासून नाव दिलेला व्हॉल्यूम (कंटेनर काढला तरी टिकणारी डेटाची जागा) जोडा, आणि तो खरंच जोडला गेलाय का हे डेटा भरण्यापूर्वी एकदा कंटेनर काढून, पुन्हा उभा करून तपासा.