प्रशिक्षक आणि संचालक : दोघांना एकदमच काढावे का?

इंग्लंडमधले शनिवारी दुपारी तीनचे फुटबॉल सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतात. त्या वेळी सोलापुरात पार्क चौकाच्या आसपास मँचेस्टर युनायटेड या क्लबची लाल जर्सी घातलेली दोन-चार मुले चहाच्या गाडीशी एकाच मोबाइलमध्ये डोके घालून उभी असलेली दिसतात. संघ हरला की त्यांची मागणी ठरलेली असते : प्रशिक्षकाला काढा आणि खेळाडू विकत घेणाऱ्या संचालकालाही काढा. ही जोडमागणी ऐकताना सहसा लक्षात येत नाही की, इंग्लंडमध्ये ही दोन कामे दोन माणसांकडे असणे हीच मुळात अलीकडची गोष्ट आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे संघनिवड बहुतेक ठिकाणी क्लबच्या संचालक मंडळाच्या हाती असे. हर्बर्ट चॅपमन या प्रशिक्षकाने आधी हडर्सफील्ड क्लबमध्ये आणि १९२५ पासून आर्सेनलमध्ये ती सूत्रे स्वतःकडे घेतली आणि तेव्हापासून ‘मॅनेजर’ म्हणजे खेळाडू निवडणारा, विकत घेणारा आणि खेळवणारा एकच माणूस, असा अर्थ रूढ झाला. अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणून खेळल्या जाणाऱ्या वेगळ्या खेळात मात्र जनरल मॅनेजरने संघ जमवायचा आणि मुख्य प्रशिक्षकाने तो मैदानावर उतरवायचा, अशी वाटणी साधारणपणे केली जाते. सोलापूरकराला हे चादरीवरून चटकन कळेल. सूत मालक आणतो, जकार्डवरची नक्षी आधीच ठरलेली असते आणि मागावर कामगार उभा असतो. चादर पहिल्याच धुण्यात विटली तर सूत कोणी आणले हे न विचारता बोल मात्र मागावरच्याला लागतात.

आपल्या देशात दोन्ही बाजू सांभाळणाऱ्या माणसाचे ठळक उदाहरण शेजारच्या हैदराबादचेच आहे. सय्यद अब्दुल रहीम १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते आणि पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षकही. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. १९६३ मध्ये ते वारले. तेवढे यश भारतीय फुटबॉलला पुन्हा मिळालेले नाही.

दोघे एकदम गेले तर काय होते, याचा धडा खुद्द मँचेस्टर युनायटेडनेच २०१३ मध्ये घेतला. १९८६ च्या नोव्हेंबरात मॅनेजर म्हणून आलेल्या ॲलेक्स फर्ग्युसन यांना पहिला चषक १९९० मध्ये आणि पहिले लीग विजेतेपद १९९३ मध्ये मिळाले होते, म्हणजे आजच्या हिशेबाने त्यांना त्याआधी दोनदा तरी घरी पाठवले गेले असते. ते निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडले. क्लबमध्ये कोणाशी कसे बोलावे, कोणता सौदा कुठे अडतो, हे ठाऊक असलेली दोन्ही माणसे एकदम गेली आणि गिल यांच्या जागी आलेले एड वुडवर्ड व फर्ग्युसन यांच्या जागी आलेले डेव्हिड मॉयीस दोघेही आपापल्या खुर्चीत नवे होते. मॉयीस यांच्याशी करार सहा वर्षांचा होता. त्यांना दहा महिन्यांतच काढले. त्यानंतरच्या लुई व्हॅन गाल यांना तर २०१६ मध्ये एफए चषक जिंकल्यावर दोनच दिवसांत निरोप मिळाला. व्हॅन गाल गेले, पुढचे प्रशिक्षक मोरिन्हो गेले, सोल्शायरही गेले, पण खेळाडूंवरच्या खर्चाचा निर्णय घेणारे वुडवर्ड मात्र या सगळ्या काळात तेच राहिले. पार्क चौकातल्या मुलांचा संताप इथे अगदीच अस्थानी नाही, हे मान्य करावे लागते.

पण दुसऱ्या टोकाचा प्रयोगही पुढे करून झाला. २०२४ च्या जुलैमध्ये क्लबने प्रशिक्षक एरिक टेन हाग यांचा करार वाढवला, त्याच महिन्यात डॅन ॲशवर्थ क्रीडा संचालक म्हणून रुजू झाले, ऑक्टोबरात टेन हाग यांना काढले आणि डिसेंबरात ॲशवर्थही गेले. त्या हंगामाअखेर संघ वीस संघांत पंधरावा आला. माझ्या मते गोंधळ दोघांना काढण्यात नव्हता. ज्याला महिन्याभरापूर्वी नको म्हणता आले असते त्याच्याशी करार वाढवण्यात होता.

भारतीय फुटबॉल महासंघाने जवळपास हाच क्रम गिरवला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात प्रशिक्षक इगोर स्टिमाक यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला गेला, नोव्हेंबरात महासंघाच्या महासचिवांना पदावरून हटवले आणि विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी हुकल्यावर जून २०२४ मध्ये स्टिमाक यांनाही काढले. मुदतीपूर्वी करार मोडल्याने भरपाईचा वाद उभा राहिला आणि तो पैसे देऊनच मिटवावा लागला.