‘किंमत इनबॉक्स’ आलं कुठून? घरगुती साडीधंद्याची थोडी पार्श्वभूमी

परवा फेसबुकवरच्या एका साड्यांच्या ग्रुपवर पुन्हा तेच भांडण. खणाच्या साडीचा फोटो, खाली दोनच ओळी, ‘सात रंग उपलब्ध, किंमत इनबॉक्स’, म्हणजे भाव खासगी मेसेजमध्ये कळेल. त्याखाली साठेक कमेंट, निम्म्या नुसत्या ‘पीपी’, म्हणजे प्राइस प्लीज, आणि प्रत्येकीला एकच उत्तर, ‘इनबॉक्स केलंय ताई’. मग कुणीतरी लिहिलं की किंमत लिहायची लाज वाटते तर विकता कशाला, दुसरी म्हणाली घ्यायची नसेल तर पुढे जा, आणि संध्याकाळपर्यंत अॅडमिनने कमेंट बंद करून टाकल्या.

हे भांडण चांगलं सात-आठ वर्षांचं जुनं आहे. मी मध्ये काही वर्षं ओळखीतल्या एकीच्या साड्यांच्या पेजचं काम बघायचे त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात. गिऱ्हाईक म्हणून मलाही ‘इनबॉक्स’ बघितलं की वैताग येतो, पण हे सगळं विकणाऱ्या बाईच्या लबाडीतून आलंय असं म्हणणाऱ्यांना मागचं फार माहीत नसतं असं वाटतं, म्हणून हे लिहितेय.

घरून साड्या विकणं काही फेसबुकने शिकवलेलं नाही. सोसायटीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, लोकलच्या लेडीज डब्यात हे कधीचं चालू आहे, साडी हातात आणि हप्ते वहीत. तिथेही किंमत चारचौघीत मोठ्याने सांगत नसत. ‘तुला म्हणून दोनशे कमी’ हे वाक्य शेजारणीच्या कानावर गेलं की संपलंच. आणि त्याच गावात ‘एकच भाव’ची पाटी लावून गिऱ्हाइकाकडे ढुंकून न बघणारा दुकानदारही होता. म्हणजे दोन्ही पद्धती आपल्याच.

ऑर्कुटचा, म्हणजे फेसबुकच्या आधी आपल्याकडे चालायच्या त्या साइटचा, काळ सोडून देते, २०१४ च्या सप्टेंबरमध्ये ते बंदच झालं आणि तिथे गप्पा भरपूर, विक्री जेमतेम. एक गोष्ट मात्र त्या काळातली आजही दिसते. पत्रकं छापणाऱ्याकडे मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये कंपोज केलेला असायचा, तो कॉपी करून नेटवर टाकला की नुसती अगम्य चिन्हं, म्हणून सगळी जाहिरात फोटो करून चिकटवायची सवय लागली. युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी अक्षरं, येऊन, फोनवर मराठी टाइप करता येऊन जमाना झाला, तरी दिवाळी सेलचा अख्खा मजकूर अजून फोटोतच असतो आणि मग सर्चमध्ये सापडत नाही म्हणून रडायचं.

फेसबुकने धंद्यांसाठी पेज द्यायला सुरुवात केली नोव्हेंबर २००७ मध्ये. आधी पेजचं ‘फॅन’ व्हायचं असायचं, २०१० मध्ये त्याचं ‘लाइक’ झालं. आपल्याकडची साडीवाली मंडळी आली त्यानंतर, आणि ते पहिले दिवस खरंच सोपे होते, पोस्ट टाकली की लाइक केलेल्या बऱ्याच जणींना ती दिसायची. लोकांनी पैसे भरून लाइक गोळा केले, कारण समजूत अशी की एकदा लाइक मिळालं की गिऱ्हाईक आपल्या वहीत आलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये फेसबुकने सांगितलं की नुसत्या जाहिरातबाज पोस्ट जानेवारी २०१५ पासून कमी दाखवणार. मग जानेवारी २०१८ मध्ये दुसरी घोषणा, आता घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट आधी, पेजेस मागे. ‘रीच पडला’, म्हणजे पोस्ट कमी जणींना दिसायला लागली, हा शब्द घराघरात गेला तो इथून. ज्यांना आपण आधीच पैसे देऊन जोडलं त्यांच्यापर्यंत पोचायला पुन्हा बूस्टचे, म्हणजे पोस्ट जास्त जणींना दाखवायचे, पैसे. आमचं पाच हजार लाइकचं पेज होतं आणि पोस्ट दीडशे जणींना दिसायची. कंपनीची बाजू अशी की लोकांना फीडमध्ये जाहिराती नकोत, आणि ती खोटी नाही, पण जागामालकाने आधी फुकट बसू द्यायचं आणि धंदा जमला की भाडं मागायचं, याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. २०१८ च्या त्या घोषणेत असंही होतं की ज्या पोस्टवर लोक एकमेकांशी बोलतात, म्हणजे कमेंटा होतात, त्या वर येणार. आणि त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, फेसबुकने सांगितलं होतं की ‘आवडलं तर कमेंट करा’, ‘मैत्रिणीला टॅग करा’ असं मागून घेतलेल्या पोस्ट खाली ढकलणार. म्हणजे कमेंट हव्यात, पण मागायच्या नाहीत. आता किंमत न लिहिलेली साडी बघा. कमेंट कुणी मागितलेलीच नाही, आणि तरी साठ येतात, वर प्रत्येकीला उत्तर दिलं की एकशेवीस होतात. कुठल्या तरी कोर्समध्ये शिकून कुणी हे केलं असेल असं मला वाटत नाही, करता करता दिसलं की किंमत लिहिलेली पोस्ट मरते आणि न लिहिलेली दोन दिवस वर फिरत राहते, आणि एकीचं बघून दुसरीने केलं.

पण रीच हे अर्धंच कारण. त्याहून मोठं कारण रिसेलिंग, आणि याबद्दल ग्रुपवर कुणी उघड बोलत नाही. सुरतचा होलसेलवाला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो, खाली त्याचा भाव. तो फोटो घेऊन पहिली त्या भावावर शंभर रुपये लावते, तिच्याकडून घेणारी दुसरी आणखी दीडशे, आणि तिसऱ्या-चौथ्या हातात तीच साडी, तीच मॉडेल, तोच मागचा लाकडी दरवाजा. फोटोवर किंवा पोस्टमध्ये किंमत आली की ही साखळी तुटते, कारण गिऱ्हाईक स्क्रीनशॉट घेऊन येतं, ‘त्या ताई नऊशेला देतायत’. काही होलसेलवाले तर सांगूनच ठेवतात की उघड भाव टाकला तर माल बंद. २०१५ पासून तर बंगळुरूच्या एका कंपनीने हाच प्रकार अॅपमध्ये बसवला, फोटो घ्या, स्वतःचं मार्जिन चढवा, व्हॉट्सॲपवर पाठवा, पार्सल आम्ही पोचवतो. ज्या बाईकडे भांडवल नाही, घरात माल ठेवायला कपाटही नाही, तिला यातून स्वतःचे चार पैसे दिसले. तिला लबाड म्हणण्याआधी मॉलमधल्या ‘फ्लॅट ५०’च्या पाटीकडेही जरा बघावं.

मग मोठ्या शॉपिंग साइटवरच का नाही विकत, असं विचारणारे भेटतात. २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आला आणि त्यात अशा साइटवरून वस्तू विकायची तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी सक्तीची होती. घरून तोंडी विकणारीला वीस लाखांपर्यंत सूट (वस्तूंसाठी एप्रिल २०१९ पासून चाळीस लाख), आणि तीच साइटवर गेली की पहिल्या साडीपासून जीएसटी नंबर, रिटर्न, सीएची फी. ही अट राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांसाठी सैल झाली १ ऑक्टोबर २०२३ ला. तोपर्यंत सहा वर्षं गेली होती आणि बायका व्हॉट्सॲपवर पक्क्या बसल्या होत्या.

व्हॉट्सॲपचं गणित वेगळंच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा मोजून वापरायचे दिवस संपले, फोटो पाठवताना हात आखडेना. पुढे गुगल पे वगैरे आल्यावर ‘उद्या बँकेत भरते’ ही सबबही गेली. जानेवारी २०१८ मध्ये धंद्याचं वेगळं व्हॉट्सॲप आलं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण, आणि मेसेज पोचणार फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच, म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी, ‘नंबर सेव्ह करा’.

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या काळात देशभर अशा घटना झाल्या आणि महिना संपायच्या आत व्हॉट्सॲपने जाहीर केलं की भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं करणार, फोटोशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही काढणार. कारण इतकं भयंकर होतं की साडीवाल्यांनी कुरकुर करायलाही तोंड नव्हतं. तीस जणींना एक फोटो पाठवायचा तर सहा खेपा. एप्रिल २०२० मध्ये तर खूपदा फिरलेला, म्हणजे पाच हातांतून जाऊन डबल बाणाची खूण आलेला, मेसेज एका वेळी एकाच चॅटला. आणि रिसेलरचा फोटो तर बाय डेफिनिशन पाच हातांतून आलेला, डबल बाणाचा. मग तो गॅलरीत सेव्ह करायचा, भाव खोडायचा, नव्याने पाठवायचा. किंमत फोटोवरून कायमची गेली त्याला हेही एक निमित्त झालं.

लॉकडाऊनमध्ये खणाच्या साड्या, पैठणीच्या काठाचे मास्क, नथी, सगळ्याला ऊत आला. खण मुळात कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, चोळीचं कापड, त्याची अख्खी साडी घराघरात गेली ती फेसबुकमुळे असं म्हटलं तर फार चुकणार नाही. जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि नऊ-दहा दिवसांत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स सुरू केले, तेव्हापासून साडी नुसती दाखवून भागेना, नेसून गिरकी घ्यावी लागली. ज्यांना कॅमेऱ्यासमोर यायचं नव्हतं अशा कित्येकींचा धंदा तिथे आटला, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

याच गडबडीत जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आले. त्यात एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड दाखवा असं आहे, ‘पीपी’वाल्या बायका आजही भांडणात तेच फेकतात. पण त्याच नियमांत असंही आहे की स्वतःपुरतं विकणारी, नियमित व्यवसाय म्हणून न विकणारी व्यक्ती यात येत नाही. आता दिवाळीत चाळीस साड्या विकणारी शिक्षिका नियमित व्यवसाय करते का? आणि फेसबुकची पोस्ट हे दुकान की नुसती पाटी, पैसे तर दुसऱ्याच अॅपवरून जातात? या वाक्यावर वकील तासभर बोलतील. ग्रुपच्या अॅडमिननी आपापले कायदे केले ते वेगळेच, कुठे ‘किंमत लिहिलीच पाहिजे’, कुठे ‘जाहिरात फक्त शनिवारी’.

किंमत लपवणं खरं मोडलं ते लाइव्हमुळे. फेसबुक लाइव्ह २०१६ पासून सगळ्यांना होतं, पण साडीवाल्यांनी ते धरलं लॉकडाऊनमध्ये. रिंग लाइट, मागे पडदा, हातात साडी, ‘नंबर बावीस, साडेबाराशे, शिपिंग फ्री, स्क्रीनशॉट पाठवा’. समोर दोनशे जणी असताना प्रत्येकीला इनबॉक्स कोण करणार, भाव तोंडाने बोलावाच लागतो. आणि गंमत म्हणजे तिथे विक्री घटली नाही. लाइव्ह करणाऱ्या बहुतेकींकडे स्वतःचा माल असतो, त्यामुळे साखळीतल्या वरच्या हाताची भीती नाही.

४ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापना तीन दिवसांवर असताना, रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही सहाएक तास बंद पडलं. नऊ रंगांच्या साड्यांच्या ऑर्डरी, पत्ते, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, सगळं चॅटमध्ये. माझ्या ओळखीतलीने दुसऱ्या दिवशी दुपारी दोनशे पानी वही आणली आणि रेघा मारून कॉलम पाडले: नाव, रंग, पत्ता, आले/बाकी.

ती वही अजून चालू आहे. कॅटलॉगही आहे तिचा, धंद्याच्या व्हॉट्सॲपवर, २०१९ पासून मिळतो तो. फोटो, नाव, वर्णन, आणि किंमतीचा एक रकाना, जो भरला नाही तरी चालतो. मी बघितलं तेव्हा एकशे दहा साड्या होत्या त्यात, आणि किंमत भरलेल्या नऊ, त्याही सगळ्या सेलमधल्या.