दिव्यांगांच्या संस्थेत उन्हाळी इंटर्नशिप: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप आली आणि परीक्षा संपायच्या आतच जागा शोधायची धावपळ सुरू झाली. बँक, सीएचं ऑफिस, ओळखीतली कंपनी, यापलीकडे बहुतेकांना काही सुचत नाही. दिव्यांगांसाठी काम करणारी स्वयंसेवी संस्था हा तितकाच चांगला पर्याय आहे. फक्त तिथे कागदपत्रं थोडी जास्त लागतात.

शाखेची अट सहसा नसते. वय १८ पूर्ण असावं, एवढं बहुतेक ठिकाणी बघतात. समाजकार्य किंवा मानसशास्त्राच्याच मुलांना घेतात हा गैरसमज आहे. कॉमर्सची मुलगी देणग्यांचे हिशेब लावू शकते. आयटीचा मुलगा संस्थेची वेबसाइट स्क्रीन रीडरला (अंधांसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) नीट वाचता येईल अशी करू शकतो. ज्याचं मराठी वाचन स्वच्छ आहे, त्याची अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थांना गरज असते. वाचा-उपचार किंवा विशेष शिक्षण मात्र स्वतःच्या जबाबदारीवर करायचं नाही. त्यासाठी १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. तुम्ही त्या तज्ज्ञांच्या हाताखाली मदत करू शकता.

अर्जाआधी दोन गोष्टी बघा. पहिली, संस्थेची नोंदणी. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते, आणि दिव्यांगांसाठी संस्था चालवायला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या कलम ५० नुसार वेगळं प्रमाणपत्र लागतं. हे क्रमांक मोकळेपणाने विचारा. चांगली संस्था ते लगेच देते. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची, आणि इथेच अनेकांची गाडी अडते: मे महिन्यात विशेष शाळांनाही सुट्टी असते. तेव्हा निवासी वसतिगृह, प्रौढांची संरक्षित कार्यशाळा (जिथे प्रौढ दिव्यांग देखरेखीखाली काम करतात), लहान बाळांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (जिथे दिव्यांगतेवर लहानपणीच उपचार सुरू होतात) किंवा ध्वनिमुद्रण विभाग असलेली संस्था शोधा.

कॉलेजच्या बाजूने लागणारे कागद नेहमीचेच: प्राचार्यांच्या सहीचं विनंतीपत्र, ओळखपत्र, आधारची प्रत, मागच्या सत्राची गुणपत्रिका, फोटो. एक क्रेडिट म्हणजे ३० तास धरतात, म्हणून चार क्रेडिटसाठी १२० तास भरतात. तुमच्या विद्यापीठाचा नेमका नियम आणि या संस्थेला कॉलेजची मान्यता, दोन्ही काम सुरू करण्याआधी लेखी घ्या.

संस्थेच्या बाजूचे कागद जास्त महत्त्वाचे. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी मागतात. अर्ज ऑनलाइन होतो, पण पडताळणीला वेळ जातो, म्हणून हे काम सगळ्यात आधी हाती घ्या. त्याशिवाय बालसंरक्षण धोरणावर सही आणि गोपनीयतेचं हमीपत्र. 'आमच्यावर विश्वास नाही का?' असं काही मुलांना वाटतं. तिथल्या कितीतरी मुलांना आपल्याला कोणी त्रास दिला तर तो शब्दांत सांगता येत नाही. काहींना आंघोळीला, कपडे बदलायला दुसऱ्याची मदत लागते. त्यांचे आईवडील ज्या भरवशावर त्यांना तिथे सोडून जातात, तो भरवसा या कागदांनी थोडा तरी राखला जातो. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढायचे नाहीत, स्टेटसला ठेवायचे नाहीत. अत्याचाराचा संशय आला, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तो कळवणं बंधनकारक आहे. आपण कोणाशी बोलायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

अर्जात 'मला या मुलांसाठी काहीतरी करायचंय' एवढंच लिहिलेलं असलं की संस्थेला पुढे काय ठरवायचं ते कळत नाही. कोणते दिवस, किती तास, कोणत्या भाषा, काय येतं, हे लिहा. दया दाखवणारे शब्द टाळा. तुम्ही स्वतः दिव्यांग असाल तर लागणाऱ्या सोयी अर्जातच मांडा: तळमजल्यावरची जागा, सांकेतिक भाषेचा दुभाषी, जे लागेल ते. वाजवी सोय मागणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

एक काम मात्र मिळालं तर सोडू नका: यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राचे, अर्ज भरायला कुटुंबांना मदत करणं. कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, आणि बऱ्याच योजना व आरक्षण किमान ४० टक्के दिव्यांगतेच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतं. या कार्डासाठीच्या स्वावलंबन पोर्टलवर फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा चढवायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. आधारवरचं नाव आणि उपचारांच्या कागदांवरचं नाव जुळत नसेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या. नाहीतर मुलाला उचलून आणलेल्या आईला तीच खेप पुन्हा घालावी लागते.

शेवटी नोंदवहीत रोजचे तास आणि काम लिहून पर्यवेक्षकांची सही त्या त्या आठवड्यातच घ्या. प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर असावं. त्यावर सुरुवातीची व शेवटची तारीख, एकूण तास, कामाचं स्वरूप आणि शिक्का असेल तरच कॉलेजात जमा करा.